आठवं गिधाड

मला घाबरट म्हणता ना, मग हे ऐकाच. गिधाडांच्या मोजणीला मी हौसेनं नाव दिलं, पण त्याच दिवशी नवऱ्याची मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत सकाळची पहिली पाळी. म्हणून चार वर्षांच्या मीरूलाही नेलं आणि गाडीत ड्रायव्हरजवळ बसवलं.

काम सोपं होतं. उजाडल्यावर, गिधाडं उडायच्या आत, समोरच्या कड्यावर बसलेली तेवढी मोजायची. मला सात दिसली, वनरक्षक मेश्रामकाकांना आठ.

"परत मोजा, ताई. दोघांचं जुळलं तरच कागदावर चढते."

परत मोजली. सहा!

"आता अजून एक कुठं गेलं?"

"गेलं नाही काका, मी मधेच मीरूकडे पाहिलं."

"ते बिस्किट खाऊन राह्यली. पोरगी एकच आहे तुमची, तिले किती वेळा मोजता?"

एवढ्यात ऊन चढलं आणि गिधाडं एकेक करून उडाली. माझ्यामुळे अख्ख्या कड्याची नोंद बुडाली म्हणून मी रडकुंडीला आले. तेवढ्यात एका कपारीत काहीतरी हललं. तिथं एक गिधाड बसूनच होतं.

"काका, हे आजारी आहे का?"

"आजारी काहून राहीन? पोटाखाली पिल्लू आहे, म्हणून जात नाही. हेच तुमचं आठवं."

मी आठ लिहिलं. सही करण्याआधी मान आपोआप गाडीकडे वळली.

काकांनीही वळून पाहिलं. "हौ ताई, एकच आहे. करा सही."