फौजेची टाकी, सासरवाडीची विहीर

फौजेच्या पेट्रोल वाहायच्या गाडीत मी सासरवाडीला प्यायचं पाणी नेलं. चूक माझीच, दुसऱ्या कुणाची न्हाई.

तसा मी लोहा गावचा. बाप लोहार, मी गाड्यांचा मिस्त्री. लातूर जिल्हा नवा झाला तवा तिकडं काम लई निघंल म्हणून बायकोला घेऊन गेलो, रस्त्याकडंला ग्यारेज टाकलं, आन काय सांगू तुम्हाला, कामाच्या आधी दुष्काळच आला. बायकोचं माहेर शिरूर अनंतपाळकडं. तिथली विहीर आटली, बाया पाण्यासाठी दोन-दोन कोस हिंडून राहिल्या. त्यातच फौजेनं मोडीत काढलेली ही गाडी लिलावात घेतली. लोक म्हणले, मिस्त्री, आता लढाईला जाता का? मी म्हणलं, न्हाई, सासरवाडीला पाणी पाजतो.

टाकी सोड्यानं धुतली, राखेनं घासली, चिंचेच्या पाण्यानं खंगाळली. बायको म्हणली, अवो, वास येतो. मी म्हणलं, तुला काय कळतं, मिस्त्री मी हाय का तू? आता पंधरा वर्षं पेट्रोल हुंगून मिस्त्रीचं नाक कवाच मेलं होतं, हे मला कुठं ठावं.

गाव हंडे घेऊन उभं. सासूनं गाडीला हळदकुंकू लावलं, मला टोपी-टावेल झाला, मग तोटी सोडली. पहिल्यांदा म्हैस आली, तिनं हुंगलं, तोंड फिरवलं आन माझ्याकडंच बघून राहिली. मग हंडे रिकामेच माघारी गेले. कुणी शिवी दिली न्हाई हो, तेच जास्त लागलं. बाया परत दोन कोस चालायला लागल्या.

टाकी रिकामी करून तोंड लपवत निघालो तर गाडी वढ्याच्या वाळूत रुतली. फौजेच्या गाडीला पुढं तारेच्या दोराचं रहाट असतंय, तार बाभळीला बांधली, गाडीनं स्वतःला वढून काढलं. मेव्हणा बघून राहिला होता. म्हणला, दाजी, एवढं वढती तर विहिरीतला दगड-गाळ न्हाई का वढणार?

टाकी उतरवली, गाडी विहिरीवर लावली. खाली गाव खणायचं, वर मी तार वढायचो. पाठ मोडली, हातांची सालटं निघाली, तवा कुठं कपारीतून झरा फुटला. पहिला तांब्या खपणाऱ्याला द्यायची तिथली रीत. सासूनं माझ्या हातात दिला. मी भीत भीत आधी हुंगला, आन सगळं गाव हसलं.

आता गुडघे गेले, गाडी ग्यारेजमागं गंजून राहिली. सासू थकली, पण जीभ तशीच हाय. सासरवाडीला गेलो की त्याच विहिरीचा तांब्या पुढं करती, मी सवयीनं हुंगतो, आन म्हातारी म्हणती, प्या जावईबापू, बिनघोर प्या, तुमच्या टाकीतलं न्हाई.