बोअरचं पाणी आणि एक्झोरा

सोसायटीच्या नव्या बोअरचं पाणी मी जिभेवर घेतलं आणि गोड हाय म्हणून सांगितलं. ते खारं होतं. एवढीच माजी चूक.

आता काय सांगू तुमाला, मी रोडपालीचा, आमचा आजा मिठागरात, बाप मिठागरात, मी पण कितीतरी वर्षं उघड्या पायानं मीठ ओढलं, त्या जिभेला खारट काय आणि आळणी काय, आमच्याकडं पाहुणा जेवायला बसला का पहिल्या घासाला पाणी मागतो. मिठागर गेलं, बिल्डिंगी आल्या, मी त्या बिल्डिंगीत माळी झालो. सेक्रेटरी मॅडमना वाटलं, हा इथलाच मानूस, याला इथलं पाणी कळत असंल. मला पण तसंच वाटलं.

मॅडमनी गेटपासून सोसायटीच्या देवळापर्यंत दोन्ही बाजूंनी एक्झोरा लावून घेतला. ठेंगणी जात, गुडघ्याएवढी, बारा महिने हिरवी, वर लाल गुच्छ. लावताना मी छाती काढून बोललो, मॅडम, हा बहरल्याबिगर मी काम सोडनार नाय. कुनी विचारलं नव्हतं. खरं तर मला सोडायचंच होतं. पोरगी जासईला दिलीय, तिच्या बाळंतपणाला आमची मंडळी तिकडं गेली ती तिकडंच राहिली, पोरगी रोज बोलते आबा, गुडघे गेले तुमचे, तुमी पण या.

महिनाभर बोअरचं पाणी पाजलं. पानांच्या कडा जळल्या, मी बोललो ऊन. पानं पिवळी पडली, मी बोललो खत कमी. खत घातलं तर जास्तच पिवळी. शेवटी नर्सरीवाला आला, त्यानं ते पाणी तोंडात घेतलं आणि थू करून माज्या पायावर टाकलं, बोलला काका, हा तर समुद्र हाय.

मंग मातीतलं मीठ धुवायचं नळाच्या पाण्यानं. पाइप तिथवर पोचत नाय, म्हून बादल्या. रोज सकाळी दोन हातांत दोन बादल्या, गेट ते देऊळ, देऊळ ते गेट. जायचं नाव काढलं का मॅडम हसून बोलतात, मामा, बहरल्याशिवाय जाणार नाही असं तुम्हीच म्हणाला होतात ना? आणि वर चहा देतात. तीच तर पंचाईत. शिव्या दिल्या असत्या तर कदीच पळालो असतो.

नातीचं बारसं मी मोबाईलवर बघितलं, बादली खाली ठेवून. नाव काय ठेवलं ते नीट ऐकू पण आलं नाय, मागून कुनीतरी कार धूत होतं.

काल कळ्या दिसल्या. एक-दोन नाय, ओळच्या ओळ. मी तिथंच फतकल मारली आणि आमच्या मंडळीला फोन लावला, बोललो सुटलो गो बाय, येतो आता जासईला, पोरीच्या अंगणात पण असाच एक्झोरा लावून देतो.

ती बोलली, नको, तुमी तिथंच र्‍हावा, आमच्या दारातली झाडं अजून जिवंत हायेत.