साहेबांचे सदरे

बातमी आली त्या दिवशी, तुम्हाला सांगतो, नालवाडीच्या आमच्या घरी बाबा गहू निवडत बसले होते. सत्त्याण्णव सालची गोष्ट. बाबा तरुणपणी परदेशात आपल्या राजदूतांकडे स्वयंपाकी होते. त्या साहेबांच्या मुलीने पत्रासोबत फोटो पाठवला होता. साहेब राहायचे त्या बंगल्यावर तिथल्या नगरपालिकेने पाटी लावली होती. मी ती मराठीत वाचून दाखवली, “युद्धाच्या काळात शहर न सोडता भारताचे राजदूत या घरात राहिले.”

बाबा हसायलाच लागले. “साहेब तं पहिल्याच आठवड्यात निघून गेलते. मले म्हणाले, घर सांभाळजो.”

“मग लोकांना ते तिथेच आहेत असं कसं वाटलं?”

“मी रोज त्याइचे सदरे धुऊन गच्चीवर वाळू घालत होतो ना! साहेब घरात हाय असं दिसलं का लुटारू येत नाई. सात महिने धुतले. साऱ्याइच्या कॉलरी विरल्या.”

शेजारचे दुकानदार चहाला आले होते. ते म्हणाले, “मंग काका, पाटी तं तुमचीच हाय! कळवा ना त्याइले.”

बाबा गहू निवडत राहिले. मग मला म्हणाले, “साहेबांचं नाव राहू दे, पोरीले वाईट वाटन. खाली ‘अन् त्यांचा स्वयंपाकी’ एवढंच जोडा म्हणाव. आजच लिहून टाक.”

रविवारी लिहितो, म्हणालो.

दिवाळीआधी बाबा गेले. मी साहेबांच्या मुलीला कळवलं. तिचं सांत्वनाचं पत्र आलं, त्यालाही उत्तर दिलं. स्वयंपाक्याची ओळ मात्र मी कुठल्याच पत्रात लिहिली नाही.