स्वप्नात मेलेला भाऊ

शेवगावच्या स्टँडवर नेवाशाच्या गाडीची वाट बघत अश्विनी बसली होती. तिच्या बाकावर दोन म्हाताऱ्या येऊन टेकल्या. त्यांचं बोलणं कानावर पडलं आणि अश्विनीने हातातला मोबाईल पर्समध्ये टाकला.

“साळू, अशी अचानक कुठं निघालीस गं?”

“भावाकडं, नेवाशाला. पहाटं सपनात त्यो मेलेला दिसला, दया.”

“मग चांगलंच की. सपनात मेलेलं दिसलं की त्या मानसाचं आयुष्य वाढतं म्हंत्यात.”

“व्हय, मलाबी ठावं हाय. फोन करून इचारलं सुदीक. भावजय म्हनली, बरे हायेत, रानात गेलेत.”

“मग कशापायी जातीस? माहेरच्या बांधावरनं भांडन झाल्यापासून तू त्याचं नावबी काढत न्हाईस.”

“तवा मी बोलले हुते, त्यो मेला तरी रडनार न्हाई.”

“रागात बोलतंच मानूस.”

“मला खरंच वाटत हुतं, न्हाई रडनार. अन् सपनात अशी रडले, की सून धावत आली हालवायला.”

“असल्या सपनाचा काय अर्थ असंल गं?”

“आता कुनाला इचारत बसू? म्हनून तर निघाले.”

“गेल्यावर बोलशील काय त्याच्याशी?”

“तहान लागली म्हनंन. पानी द्यायला तरी त्यो उठंल.”

नेवाशाची गाडी फलाटाला लागली. अश्विनी गर्दीतून आधी वर चढली, खिडकीजवळच्या जागेवर पर्स ठेवली आणि खिडकीतून वाकून साळूला म्हणाली, “आजी, या, इथं बसा.”