जयाले खाकी, मले समन्स

नाई नाई, बसा ना बेलिफ भाऊ, घेते मी तुमचा समन्स, पळून कुठी जानार हाय — पन हे सांगा, यात मी एकटीच काऊन? जया कुठी हाय? जया म्हंजे आमच्याच गावची, पोलिसात हाय ना, तीच. मुखरूभाऊच्या घरी दारूची धाड टाकाले तीच आली, आमी दारूबंदीच्या बाया तिच्या मांगं. आंगनात ड्रम दिसले, वरून वलं पोतं झाकलं — दारू गाळाले मोहाचा सडवा असाच तं झाकून ठेवते लोकं! जयानं एक ड्रम लाथेनं पाडला, एक मी. अन् पाह्यतो तं काय, चिखलात बोटभर मासोळ्या तडफडून राह्यल्या. तलावात सोडाले मासोळीचं बीज आनलं होतं बिचाऱ्यानं. वर्षाचं पोट होतं त्याचं, त्यानं भरपाईचा दावा केला तं काय चुकलं?

पन दोघीवर कर ना बाप्पा! तं वकील म्हनते, पोलिसानं ड्युटीवर चांगल्या मनानं केलं तं त्याच्यावर दावा चालत नाई, कायदाच हाय तसा. अन् माह्या मनात का पाप होतं? मी का स्वतःच्या हौसेनं गेली होती? जळते मी, हो, जळते! लपवू कायले? भरतीले दोघी संगंच धावलो, ते जराशी पुढं निंगाली — तेवढ्यावरच तिले खाकी भेटली, गाडी भेटली, मान भेटला, अन् आता कायदा बी तिच्याच बाजूनं! मी इथी बांधीत धानाचा रोवना करून राह्यली. गावात आली का लोकं खुर्ची आनते तिच्यासाठी. संगं बोरं खाल्ली आमी, अन् मले म्हनते, 'ए रंजीता, सरक.' त्या दिवशी बी तसंच — तिचा ड्रम पडला, मासोळ्या दिसल्या, तं साऱ्या बायायसमोर वरडली माह्यावर, 'थांब, दुसऱ्या ड्रमले पाय नको लावू!' मले हुकूम देते! मंग म्या बी घातली लाथ, जोरात —

असे काऊन पाहून राह्यले?

तसं नाई... गडबडीत आयकू नाई आलं मले. आना तो कागद, सही कुठी करू? झाली. चाय? दूध नाई घरात. जा भाऊ तुमी.