अज्जा उठल्याशिवाय

...आणि वरून मलाच म्हणतात, 'विरेश, तुझ्यात धीर न्हाई!' धीर? तुम्हाला सांगतो, आमच्या भुसार दुकानात आम्ही चौघं बसतो. अज्जा, म्हणजे आजोबा, गल्ल्यावर, थोरले काका काट्यावर, माझे वडील आप्पा पुड्या बांधायला आणि मी दारात, पोत्यांजवळच्या स्टुलावर. घराण्याचा कायदा असा की मोठा उठल्याशिवाय धाकट्यानं उठायचं नाही. अज्जाला लघवीला लागली नाही, तर आम्हा तिघांनाही लागत नाही!

पुढची जागा रिकामी झाली तरच हलायचं!

एमएस्सीत तरी वेगळं काय होतं? झिरकोनिया म्हणून एक ऑक्साइड असतं, पांढरी भुकटी. आत ऑक्सिजनचे आयन खच्चून बसलेले, एक हलेल तर शपथ... आमचं दुकानच की! त्यात थोडं यिट्रियम मिसळलं की काही जागा रिकाम्या राहतात. मग भट्टीत तापवा, शेजारचा आयन टुणकन त्या जागेत, त्याच्या जागेत त्याच्या मागचा... आयन सरकतात पुढं, रिकामी जागा येते मागं मागं. पण तापवू कुठं? भट्टी एकच, तिच्यात कायम सरांचा नमुना! 'सर, माझा कधी?' 'थांब की रे, माझं झालं की!' त्यांचं होतंय कधी? दिली सोडून एमएस्सी!

आता पुण्यात एका कारखान्यात बोलावलंय, गाड्यांच्या धुरातला ऑक्सिजन मोजायचे सेन्सर करतात, ह्याच झिरकोनियाचे! सोमवारी हजर व्हायचं. तर आप्पा म्हणतात, 'दार सोडून? अज्जा बसलेत की अजून!' अरे, सोलापूरचा मे महिना, वर पत्रा, एवढ्या उष्णतेत दगड हलेल, पण अज्जा?

पुढची जागा रिकामी झाली तरच हलायचं!

आणि तुम्हाला सांगतो, झाली! अज्जाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, 'गल्ला बंद, आराम करा.' काका टुणकन गल्ल्यावर! आप्पा काट्यावर! मला म्हणाले, 'बस पुड्यांना.' सरकत सरकत रिकामी जागा आली थेट दारात... बाहेरचं ऊन सरळ आत! मी गुपचूप पिशवी भरली.

सोमवारी सकाळी बघतो तर काळा चष्मा लावून अज्जा दारात, माझ्या स्टुलावर!

'घरात करमंना. हितं बसून कोण येतंय-जातंय तेवढं बघतो.'

काय बघतो? दिसत तर काहीच नाही! पाय न वाजवता निघालो, तर काठी आडवी...

'विरेश, कुटं?'

'...चहा आणायला, अज्जा.'

'मला बिनसाखरेचा.'

आणला.