चाकं नसलेलं दाखव

नाही, हे नको. तेही नको. आणि हे तर अजिबात नको, ह्याला चाकं आहेत. चाकं म्हणजे पळून जायची सोय. — काय म्हणालास? सगळे चाकंवालंच नेतात? नेऊ देत की. सगळे नेतात ते सगळ्यांच्या घरी. माझं ऐक नीट, मी एकदाच सांगतो — म्हणजे तीनदा सांगितलंय, पण तू एकदाही ऐकलं नाहीस. मला गाडी धुवायचं प्रेशर वॉशर पाहिजे. घरच्या घरी. एक गाडी, आठवड्यातून एकदा. जड पाहिजे, बिनचाकाचं पाहिजे, जोर बेताचा पाहिजे, आणि आवाज असा पाहिजे की गाडीच्या पलीकडं उभा माणूस पुटपुटला तरी ऐकू आलं पाहिजे. हसतोस काय? हस. हसलास की तुझी दाढी एका बाजूला वर जाते, माहीत आहे का? डावीकडं जास्त उडवली आहेस. घरी करतोस, आरशात बघून, मशीननं — हो ना? वाटलंच. लोकांना मशीन विकणाऱ्यानं स्वतःच्या तोंडावर तरी मशीन चालवू नये.

खोक्यावरचं वाचून दाखवू नकोस. मला येतं वाचायला. जेवढं येत नाही तेवढं मी चष्म्याच्या नावावर घालतो. तू तोंडानं सांग, आणि लवकर सांग, कारण माझा जावई गाडी लावायला जागा शोधतोय. शोधू दे. ह्या रस्त्याला त्याला जागा मिळेपर्यंत आपलं ठरलं पाहिजे. तो आत आला की मी एक शब्द बोलणार नाही, कळलं? तो विचारेल, तू दाखवशील, मी नुसता बाजूला उभा. सासऱ्यानं जावयाच्या मध्ये बोलू नये.

जड कशाला? चोरीला जाऊ नये म्हणून. — बरं, चोरीचं जाऊ दे. चोर आमच्याकडं आला तर तोच काहीतरी ठेवून जाईल. जड अशासाठी की त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. आता आलं डोक्यात? नाही आलं. तुझं डोकं छान आहे बाहेरून, केस दाट आहेत, पण आत हवा खेळत नाही.

हे बघ. माझं सलून होतं. सगळा जन्म खुर्चीच्या मागं उभा राहून गेला. हात हलायला लागला तेव्हा बंद केलं — वस्तरा धरणाऱ्याचा हात हलला की आधी गिऱ्हाईक जातं आणि मग कान. तर खुर्चीमागं उभं राहून एक गोष्ट कळते. माणूस तोंडासमोर तोंड असलं की बोलत नाही. मागं उभा राहा, हाताला काम दे, डोळे आरशात जाऊ दे — मग बघ, पोटातलं सगळं बाहेर. बायकोला सांगणार नाही ते मला सांगायचे. आणि मी काय करायचो? मान हलवायचो. कात्री चालू, पंखा घरघरतोय, अर्धं तर ऐकूच येत नाही — मान हलवायची. एक जण म्हणाला, बायकोला सोडतो, हलवली मान. पुढच्या खेपेला म्हणाला, नाही सोडली, हलवली मान. दोन्ही वेळा खूश होऊन गेला. मान हलवून माझं आयुष्यात कधी नुकसान झालं नव्हतं. परवाच्या रविवारपर्यंत.

सांगतो ना, घाई कशाला? तुझं दुकान काय पळतंय?

जावई माझा मुका. म्हणजे जीभ आहे, वापरत नाही. पोरीनं जेव्हा पसंत केला तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हटलं होतं — ह्याला पोरगी देण्यापेक्षा भिंतीला द्या, भिंतीला निदान खिळा तरी ठोकता येतो. लग्न झालं. घरी यायचे. पोरगी आणि तिची आई स्वयंपाकघरात, दोघींचं हसणं सगळ्या घरभर, आणि बाहेरच्या खोलीत आम्ही दोघं. मी म्हणायचो, बरं आहे? तो म्हणायचा, बरं आहे. संपलं. एवढ्यावर दोन वर्षं काढली. मला हाकसुद्धा मारायचा नाही. खोकायचा. मी बघितलं की बोलायचा.

मग एकदा त्याची गाडी दारात उभी — गाडी कसली, साबणाचा डबा, पण होती त्याची — आणि टपावर पाखरांनी सगळा हिशेब चुकता केलेला. मला बघवेना. मी बादली घेतली, फडका घेतला, बाहेर आलो. त्याला वाटलं असेल सासरा गाडी धुतो म्हणजे लाज आहे, तोही आला, दुसरा फडका घेऊन. तो एका बाजूनं, मी एका बाजूनं. मधे टप. मला तो दिसत नाही, त्याला मी दिसत नाही, नुसता फडक्याचा आवाज. आणि तिथून, पलीकडून, आला की आवाज. म्हणतो — बाबा, दाढी करताना मला हनुवटीखाली नेहमी कापतं, का हो?

बाबा म्हणाला. पहिल्यांदाच.

मी काय म्हणणार, मी म्हटलं, तुम्ही उलटी करत असाल, कोणी शिकवलं तुम्हाला? तर म्हणाला, कोणीच नाही. त्याचे वडील असेच, न बोलणारे. पहिली दाढी त्यानं ब्लेडच्या पाकिटावरचं चित्र बघून केली. पाकिटावरचं चित्र रे. त्या चित्रातल्या माणसाला हनुवटी तरी असते का? मी गाडीचा साबण तिथंच टाकला, त्याला पायरीवर बसवला, आणि गरम पाणी, ब्रश, फेस — फेस मुरू द्यायचा, घाई नाही करायची — सगळं दाखवलं. हात हलत होता माझा. तो हलला नाही. असं कोणासमोर गळा धरून बसणं सोपं असतं का? तूच सांग. नको, तू नको सांगू, तुझ्या गळ्याकडं बघवत नाही.

तेव्हापासून दर रविवारी. पाऊस असो, ऊन असो, गाडी स्वच्छ असो. काही वेळा तर इतकी स्वच्छ असते की मला वाटतं, पठ्ठ्या मुद्दाम चिखलातून घेऊन आला असता तर बरं झालं असतं. आमची रीत ठरलेली: मागच्या चाकांपासून सुरुवात, दोघं दोन्ही बाजूंनी पुढं यायचं, समोरच्या काचेशी भेट. भेट झाली की बोलणं बंद, कारण तोंडं दिसतात. मग चहा. आमची ही विचारते, एवढं काय बोलता हो दोघं बाहेर? मी म्हणतो, टायरचं.

टायरचंच असतं तसं. गेल्या महिन्यात असाच मागच्या चाकाशी बसून घासत होता आणि तिथूनच बोलला — बाबा, आमच्याकडं पाळणा हलणार आहे, अजून कोणाला सांगितलं नाही. मला पहिलं सांगितलं. तिच्या आईच्या आधी, त्याच्या घरच्यांच्या आधी. आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हटलं, चाकाच्या आतल्या बाजूनं नीट घासा, तिथं चिखल राहतो. पण मी जो दरवाजा धुतला रे त्या दिवशी — तीनदा धुतला. हिला नंतर पोरीनं सांगितलं तेव्हा मी असा चेहरा केला की जणू वीज पडली. ए, हे तू कोणाला बोलायचं नाही. तुला तरी कशाला सांगितलं मी? तू आपलं ते लाल मशीन पुसत होतास म्हणून. हाताला काम असलं की असं होतं बघ.

ते लालच नको मला. तेच. तसलंच तो परवा घेऊन आला, कामावरच्या कोणाचं तरी मागून. बाबा, म्हणाला, तुमच्या कंबरेला आराम. बरं म्हटलं. बटण दाबलं — अरे, गिरणीत डोकं घातल्यासारखा आवाज. चिखल नुसता उडत होता. मी आपला वस्तरा धरल्यासारखा त्याचा दांडा धरला, तिरका, अगदी गाडीच्या अंगाला लावून. मला काय माहीत लांब धरतात? मागच्या काचेवर पोरीनं हौसेनं लावलेलं बदकाचं चित्र होतं, ते पार सोलून शेजाऱ्याच्या भिंतीवर गेलं. अजून आहे तिथं. शेजारी म्हणतो राहू दे, छान दिसतं.

आणि त्या आवाजात तो टपावरून डोकं वर काढून काहीतरी बोलला. ओठ हललेले दिसले, शब्द एक नाही. आणि मी — मी मान हलवली. हो, हो. सवय.

दहा मिनिटांत गाडी झाली. लखलखीत. आणि आम्ही दोघं ओले उभे, हात रिकामे. आता? आत गेलो. सोफ्यावर बसलो, तो ह्या टोकाला, मी त्या टोकाला. बरं आहे? बरं आहे. समोर टीव्ही. बराच वेळ बघत होतो दोघं. हिनं येऊन विचारलं, अहो, बंद आहे तो, काय बघताय?

संध्याकाळी पोरीचा फोन. बाबा, बरं झालं तुम्ही लगेच हो म्हणालात. मी म्हटलं, कशाला हो म्हणालो? तर म्हणे, ह्यांनी विचारलं ना, की मशीन घेऊ आणि आमच्याच इथं वर ठेवू, खाली नळ आहे, म्हणजे बाबांना दर रविवारी पाण्यात उभं राहायला नको — आणि तुम्ही जोरात मान हलवलीत. जोरात. ह्या मानेनं घात केला माझा.

तू म्हणशील, मग सरळ सांगा ना, नको म्हणून. काय सांगू? जावईबापू, मला तुमचा साबणाचा डबा घासायला आवडतो? मी सांगू? भिंतीला द्या म्हणणारा मी? आणि तो बिचारा माझ्या कंबरेची काळजी करतोय, त्याला काय तोंडावर पाडू? येतील की, नाही असं नाही, रविवारी येतील. येऊन बसतील. बसणं आणि बोलणं ह्यात फरक आहे बाबा. उद्या पोर होईल. पोर झाल्यावर ह्या मुक्याला किती गोष्टी विचारायच्या असतील, आणि कुठं विचारणार? सोफ्यावर? सोफ्यावर तो मरेपर्यंत विचारणार नाही.

म्हणून म्हणतो — जड. वर चढू नये. चाकं नकोत, ढकलता येऊ नये. जोर कमी, वेळ लागावा. आणि आवाज नको. आहे का असं, का नुसती दाढी वाढवून उभा आहेस?

हे? कोपऱ्यातलं? धूळ किती बसली आहे त्याच्यावर, कोणी घेत नाही वाटतं. मोटर वेगळी असते, म्हणून जड आणि म्हणून आवाज कमी — दोन्ही एकाच कारणानं? अरे, मग हे मघाशी का नाही सांगितलंस? मला आपलं घरातलं सगळं सांगायला लावलंस. थांब, उचलू दे. — आई गं. नाही उचलत. छान आहे. पुन्हा उचलून बघतो. — वा. जागचं हलत नाही. आणि नळाशिवाय? बादलीतून पाणी ओढतं? बादली माझ्याकडं आहेच. चालू कर बघू. कर ना. — हं. बोल काहीतरी. हळू बोल. तिकडं, त्या खोक्यांच्या पलीकडं जाऊन बोल. — ऐकू आलं. म्हणालास, आजोबा, तुम्ही फार चालू आहात. आलं ऐकू. बंद कर.

थांब. आला तो. काचेतून दिसतोय ना, हातात किल्ली, ढकलायचं दार ओढतोय — तोच. हे सरकव मागं. एवढं मागं नको, दिसायला पाहिजे. आणि मी बोललो त्यातलं एक अक्षर जरी —

या, या जावईबापू. मिळाली जागा? पार कोपऱ्यावर? बरं झालं, चालणं झालं. — मी? मी आत्ताच टेकलो. हे साहेब दाखवतील तुम्हाला, विचारा काय विचारायचं ते. मला ह्यातलं काय कळतंय.

हो, ते लाल चांगलं आहे म्हणतात. जोर आहे. चाकं आहेत. झटपट काम.

काय? — आवाजाचं आधी विचारताय? आवाजाचं कशाला? — चालू असताना पलीकडचं बोलणं ऐकू येतं का, असं? ते… ते ह्यांनाच ठाऊक. सांगा हो साहेब.

ते कोपऱ्यातलं? ते कसं दिसलं तुम्हाला, ते तर धुळीचं आहे. जड आहे हो ते. म्हणजे, जड असणार, दिसतंयच. उचलून बघता? बघा. जपून, कंबर. — नाही ना? मग. तीन मजले कुठं चढवणार. — आमच्याकडंच ठेवावं लागेल म्हणता. दर रविवारी तुम्हाला आमच्याकडंच यावं लागेल म्हणता. आता ते… हसताय काय जावईबापू? असे हसलात म्हणजे हनुवटी अगदी स्वच्छ दिसते तुमची. कुठं कापलेलं नाही.

बरं, तुम्हीच म्हणताय तर घ्या. साहेब, बांधा ते. आणि तुम्ही माझ्याकडं असे काय बघताय? खालून धरा, दोघं जण लागतील. — काय म्हणालात जावईबापू? ह्यांच्याशी? छे. मी तर आल्यापासून तोंडसुद्धा उघडलं नाही.